अडथळ्यांतून वाट काढणारी साखळी

डीएनएचे लहानमोठे तुकडे नुसत्या पाण्यात सोडले आणि त्यातून वीज वाहू दिली, तर ते सगळे धन टोकाकडे निघतात. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्या वेगात. काहीशे बेस-जोड्यांहून (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांहून) लांब असलेल्या सगळ्या तुकड्यांचा वेग जवळजवळ सारखाच भरतो. तुकडा दुप्पट लांब असेल तर त्याच्यावरचा भार दुप्पट होतो, म्हणून ओढही दुप्पट. पण पाण्याचं घर्षणही तेवढंच वाढतं आणि हिशोब जिथल्या तिथे राहतो. हजार जोड्यांचा तुकडा आणि चाळीस हजार जोड्यांचा तुकडा हातात हात घालून चालतात. त्यांना वेगळं करायचं, तर त्यांच्या वाटेत अडथळे घालावे लागतात.

जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे अडथळे अॅगरोजचे असतात. किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळणारं अगर-अगर लाल समुद्री शेवाळापासून निघतं. अॅगरोज हा त्याचाच शुद्ध केलेला भाग. शंभर मिलिलिटर पाण्यात एखादा ग्रॅम अॅगरोज उकळून साच्यात ओतला की थंड झाल्यावर त्याची लिबलिबीत वडी, म्हणजे जेल, होते. तिच्या आत सूक्ष्म धाग्यांचं जाळं असतं आणि त्यातल्या भोकांची रुंदी साधारण मायक्रोमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे शंभर-दोनशे नॅनोमीटर. या जाळ्यातून विजेच्या ओढीनं जाताना आखूड तुकडे पुढे निघून जातात, लांब तुकडे मागे रेंगाळतात आणि लांबीनुसार पट्टे पडतात. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात १९८४च्या सप्टेंबरात अॅलेक जेफ्रीज यांना माणसामाणसांतला फरक दाखवणारे पट्टे पहिल्यांदा दिसले, तेव्हा डीएनएचे तुकडेही अशाच जेलमधून लांबीनुसार वेगळे केलेले होते. न्यायालयात पुढे उभ्या राहिलेल्या डीएनए चाचण्यांची सुरुवात तिथली.

पट्टे पडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते का पडतात, हे मात्र बराच काळ नीट कळलेलं नव्हतं. त्याचं उत्तर सांख्यिकीय भौतिकशास्त्रानं दिलं, आणि ते देताना त्या शास्त्राला स्वतःच्या काही समजुती बदलाव्या लागल्या.

त्यासाठी आधी मोकळी साखळी पाहायला हवी. रबर, सेल्युलोज, प्रथिनं हे पदार्थ हजारो लहान एककं एकामागोमाग जोडून झालेल्या लांबलचक रेणूंचे असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२०मध्ये मांडलं, तेव्हा अनेक नामवंतांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. नोबेल मिळायला १९५३ साल उजाडलं. दरम्यान १९३४मध्ये वर्नर कून यांनी अशा साखळीचा आकार मोजायची युक्ती शोधली. साखळीचा प्रत्येक दुवा कोणत्याही दिशेला वळू शकतो असं धरलं, तर तिचा आकार आणि दिशाहीन भटकणाऱ्याची पावलं यांचं गणित एकच होतं. शंभर पावलं टाकणारा भटक्या सुरुवातीच्या जागेपासून सरासरी शंभर पावलांवर पोचत नाही. दहा पावलांवर पोचतो. साखळीचा विस्तार दुव्यांच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढतो.

लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए घ्या. त्यात ४८,५०२ जोड्या आहेत आणि तो सरळ ताणला तर सुमारे १६ मायक्रोमीटर लांब भरतो. पाण्यात मोकळा सोडला तर साधारण दीड मायक्रोमीटरच्या सैलसर गोळ्यात मावतो. त्याला कुणी दाबलेलं नसतं. सरळ राहायची रीत एकच, वेटोळं व्हायच्या रीती अगणित. उष्णतेच्या धक्क्यांनी हलणारा रेणू या अगणित रीतींमध्येच सापडतो. रीतींची ही संख्याच एंट्रॉपी मोजते. रबर ताणून सोडल्यावर मागे येतं तेही प्रामुख्यानं याच कारणानं.

खऱ्या साखळीला मात्र एक बंधन असतं: तिचे दोन भाग एकाच जागी असू शकत नाहीत. अमेरिकेचे पॉल फ्लोरी यांनी १९४९मध्ये या बंधनाचा हिशोब अवघ्या दोन पदांत बसवला. भाग एकमेकांना टाळतात म्हणून साखळी फुगते, एंट्रॉपी तिला आवरते. दोन्हींचा समतोल साधला तर विस्तार वर्गमुळाऐवजी ०.६ या घातांकानं वाढतो. आजचं अचूक मूल्य ०.५८८च्या जवळ आहे. फ्लोरींच्या मांडणीत दोन चुका होत्या आणि त्या योगायोगानं एकमेकींना पुसून टाकत होत्या, हे नंतर ध्यानात आलं. तरीही एवढ्या थोड्या सामग्रीवर एवढं अचूक उत्तर देणारी मांडणी विज्ञानात क्वचितच सापडते.

आता हीच साखळी जेलमध्ये. दीड मायक्रोमीटरचा गोळा आणि भोकं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. १९५८मध्ये अलेक्झांडर ऑगस्टन यांनी विस्कळीत धाग्यांच्या जाळ्यात अमुक त्रिज्येचा चेंडू मावेल एवढी जागा सापडण्याची शक्यता किती, याचं सुंदर सूत्र काढलं होतं. प्रथिनांसारख्या आटोपशीर रेणूंना ते छान लागू पडतं. लॅम्डा डीएनएला तेच लावलं, तर तो जेलमध्ये शिरायलाच नको. पण तो तर बिनदिक्कत शिरतो आणि पलीकडे जातो.

कोडं सुटण्याची सामग्री दुसऱ्याच प्रश्नातून तयार झालेली होती. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये लाखो साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. ब्रिटनचे सॅम एडवर्ड्स यांनी १९६७मध्ये सुचवलं की शेजारच्या साखळ्या प्रत्येक साखळीभोवती जणू एक नळी तयार करतात. आडवं सरकायला जागा नसते. पॅरिसच्या पियेर-जिल द जेन यांनी १९७१मध्ये साखळी स्थिर अडथळ्यांच्या जंगलात ठेवली आणि विचारलं, ती हलणार तरी कशी? उत्तर: काटेरी कुंपणातून सरकणाऱ्या धामणीसारखी. पुढचं टोक एखादी मोकळी फट शोधतं, बाकीचं अंग त्याच वाटेनं मागे येतं, शेपटाकडची जुनी नळी रिकामी होऊन विरून जाते. या सर्पगतीचं गणित द जेन यांनी एका छोट्या निबंधात केलं. साखळीला आपली जुनी नळी पूर्ण सोडायला लागणारा काळ लांबीच्या घनानं वाढतो. लांबी दुप्पट, तर काळ आठपट.

प्रयोगात हा आकडा थोडा जास्त येतो. गुंतलेल्या साखळ्यांच्या द्रवाची चिकटता लांबी दुप्पट झाल्यावर आठपट नव्हे, सुमारे साडेदहापट वाढते, म्हणजे घातांक ३ नसून ३.४च्या आसपास आहे. साखळीची टोकं नळीत आतबाहेर लांबत-आखडत राहतात, हे त्याचं एक मोठं कारण आहे. नळीची कल्पना मात्र टिकली. १९९४मध्ये स्टॅनफर्डला थॉमस पर्किन्स, डग्लस स्मिथ आणि स्टीव्हन चू यांनी एक डीएनए रेणू चमकणाऱ्या रंगानं रंगवला, भोवती न रंगवलेल्या डीएनएचा दाट द्रव ठेवला, रेणूच्या टोकाला प्लास्टिकचा सूक्ष्म मणी लावून लेझरच्या चिमट्यानं तो वळणावळणानं ओढत नेला. ओढ थांबल्यावर ताणलेला रेणू आखडू लागला, तो आडवातिडवा न फाकता त्याच वळणांवरून मागे आला. वीस-पंचवीस वर्षं कागदावर असलेली नळी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

१९८२मध्ये लर्मन आणि फ्रिश यांनी, आणि स्वतंत्रपणे लम्पकिन आणि झिम यांनी, सर्पगतीचा विचार जेलमधल्या डीएनएला लावला. साखळी नळीतूनच सरकू शकत असेल, तर विजेच्या ओढीतला नळीच्या दिशेचा भागच कामाला येतो. नळी जितकी वळणावळणांची, तितकी ओढ वाया जाते. लांब रेणूच्या नळीला वळणं जास्त, म्हणून त्याचा वेग कमी. जेलमधला पट्टा नेमका कुठे पडणार, हे अडथळ्यांनी घडवलेल्या वळणांवर ठरतं, आणि नुसत्या पाण्यात ही वळणंच नसल्यामुळे तिथे काहीच वेगळं होत नाही.

याच मांडणीतून एक अडचणही दिसत होती, आणि ती प्रयोगशाळांना आधीच छळत होती. ओढ जोरात असेल तर पुढचं टोक दरवेळी विजेच्या दिशेलाच फट शोधतं. हळूहळू सगळी नळी त्या दिशेला सरळ होते. वळणं गेली की लांबीचा फरकही गेला. साधारण वीस ते पन्नास हजार जोड्यांच्या पुढचे सगळे रेणू पुन्हा एकाच वेगानं, एकाच जाड पट्ट्यात निघतात. कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी १९८४मध्ये यावर साधा तोडगा काढला: विजेची दिशाच ठरावीक वेळानं बदलायची. दिशा बदलली की रेणूला नव्यानं वळावं लागतं आणि लांब रेणूला वळायला जास्त वेळ लागतो. यीस्टची गुणसूत्रं त्यांनी अशी अखंड वेगळी करून दाखवली. ही पद्धत पुढे रोगजंतू ओळखायला फार उपयोगी पडली. अमेरिकेत १९९६मध्ये अन्नातून पसरणाऱ्या जंतूंचा माग काढणारं ‘पल्सनेट’ हे जाळं याच पट्ट्यांवर उभं राहिलं.

सर्पगतीचं चित्र तरीही थोडं जास्तच नीटनेटकं होतं. १९८९मध्ये जेलमधून जाणारे एकेकटे रेणू प्रत्यक्ष पाहिले गेले तेव्हा ते धामणीसारखे शिस्तीत जाताना दिसले नाहीत. जेलच्या एखाद्या धाग्याला रेणू मध्येच अडकतो, त्याचे दोन्ही हात पुढे ताणले जाऊन इंग्रजी ‘यू’सारखा आकार होतो, मग लांब हात जिंकतो, आखूड हात मागे ओढला जातो आणि सुटलेला रेणू पुन्हा गोळा होतो. ताणणं, निसटणं, आखडणं, पुन्हा अडकणं. सिद्धांतानं ‘सरासरी अडथळा’ मोजला होता. रेणूची गाठ दरवेळी एका विशिष्ट अडथळ्याशी पडत होती.

सरासरी आणि विशिष्ट यांतला हा फरक या विषयाच्या मुळाशी आहे. अडथळे साखळीपेक्षा वेगानं हलत असतील तर साखळीला त्यांची सरासरीच जाणवते आणि गणित सोपं राहतं. अडथळे गोठलेले असतील, प्रत्येक आपापल्या जागी कायमचा, तर साखळीला नेमक्या त्याच नकाशात वाट काढावी लागते. अशा वेळी सरासरी फसवू शकते. मॅसॅच्युसेट्समधले मुरुगप्पन मुथुकुमार आणि जर्मनीतले आर्टुर बाउमगार्टनर यांनी १९८७मध्ये संगणकावर साखळी अशा गोठलेल्या, सच्छिद्र पदार्थात ठेवली. ती सर्पगतीच्या हिशोबापेक्षाही मंद निघाली. ऐसपैस पोकळीत साखळीला वेटोळं व्हायच्या रीती भरपूर. शेजारच्या पोकळीत जायचं तर मधल्या अरुंद गळ्यात शिरून त्या रीती गमवाव्या लागतात. गळ्यात दार लावलेलं नाही, कसलं आकर्षण-प्रतिकर्षण नाही, तरी साखळी पोकळीत अडकून पडते, निव्वळ एंट्रॉपीमुळे. केंब्रिजच्या मायकेल केट्स आणि रॉबिन बॉल यांनी १९८८मध्ये यातला आणखी एक बारकावा दाखवला: माध्यम जेवढं मोठं, तेवढी त्यात एखादी अपवादात्मक मोकळी जागा असण्याची शक्यता जास्त, आणि पुरेसा वेळ मिळाला तर साखळी ती शोधून तिथे आकसून बसते. तिचा आकार माध्यमातली नेहमीची जागा ठरवत नाही, दुर्मीळ जागा ठरवते.

एंट्रॉपीच्या या सापळ्याचं यंत्र बनवलं ते कॉर्नेल विद्यापीठात जोंगयून हान आणि हॅरल्ड क्रेगहेड यांनी. २०००मध्ये त्यांनी सिलिकॉनवर कोरलेल्या १५ मिलिमीटर लांबीच्या वाहिनीत एकाआड एक खोल कप्पे आणि अतिशय उथळ फटी ठेवल्या. फटींची खोली शंभर नॅनोमीटरच्या आत. त्यातून पाच हजारांपासून सुमारे एक लाख साठ हजार जोड्यांपर्यंतचे रेणू वेगळे झाले, आणि क्रम जेलच्या नेमका उलटा लागला: लांब रेणू आधी बाहेर पडले. लांब रेणूचा फटीशी भिडलेला काठ मोठा असतो, त्यामुळे त्याचा एखादा फास फटीत घुसण्याची संधी दर क्षणाला जास्त. एक फास पुरेसा आत गेला की बाकीचा रेणू ओढला जातो. अंतर्ज्ञानावर विसंबणाऱ्याला हे उत्तर सुचलं नसतं.

गोठलेल्या अडथळ्यांचं सगळ्यांत स्वच्छ गणित मात्र एका काल्पनिक साखळीवर झालं. चौकटीचा कागद घ्यावा, प्रत्येक चौकात मनाला येईल तो आकडा लिहावा. तो त्या चौकातून जाण्याची किंमत. साखळी नेहमी पुढेच जाते, प्रत्येक पावलाला फक्त डावीकडे की उजवीकडे एवढंच ठरवते. सगळ्यांत कमी खर्चाची वाट कोणती? अडथळे नसते, तर हजार पावलांनंतर साखळी मधल्या रेषेपासून वर्गमुळाएवढी, सुमारे ३२ घरं, बाजूला गेली असती. डेव्हिड ह्यूज आणि क्रिस्टोफर हेन्ली यांनी १९८५मध्ये दाखवलं की अडथळ्यांच्या नकाशात हा घातांक १/२ऐवजी २/३ होतो. हजार पावलांना १०० घरं. दहा लाख पावलांना हजाराऐवजी दहा हजार. अडथळ्यांनी साखळी आखडायला हवी होती. प्रत्यक्षात स्वस्त वाटेच्या शोधात ती जास्तच दूर भटकते.

पुढच्याच वर्षी मेहरान कारदार, जॉर्जो पारिसी आणि यी-चेंग झांग यांनी खडबडीत होत वाढत जाणाऱ्या पृष्ठभागाचं एक समीकरण मांडलं. साखळीचं गणित आणि या समीकरणाचं गणित एकच निघालं. जळत सरकणाऱ्या कागदाची कड आणि अडथळ्यांतून वाट काढणारी साखळी ही एकाच सूत्राची दोन रूपं आहेत, ही विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रातली फार देखणी गोष्ट आहे. २०१०मध्ये टोकियोत काझुमासा ताकेउची आणि मासाकी सानो यांनी खळबळणाऱ्या द्रवस्फटिकात वाढणाऱ्या सीमेचे चढउतार मोजले. घातांक तर जुळलेच, पण चढउतारांच्या आलेखाचा अख्खा आकारही गणितानं वर्तवला होता तसाच निघाला. पारिसी यांना २०२१चं नोबेल मिळालं ते अव्यवस्थित पदार्थांवरच्या त्यांच्या एकूण कामासाठी.

ही साखळी काल्पनिक असली तरी तिची खरी भावंडं आहेत. एमआरआय यंत्रातल्या अतिवाहक तारेत चुंबकीय क्षेत्र बारीक रेषांच्या रूपात शिरतं आणि त्या रेषा अशाच पुढे जाणाऱ्या साखळ्यांसारख्या वागतात. प्रवाहाच्या रेट्यानं त्या सरकल्या तर ऊर्जा वाया जाते आणि तारेचा उपयोग संपतो. म्हणून नायोबियम-टायटॅनियमच्या तारेत टायटॅनियमचे सूक्ष्म कण मुद्दाम तयार केले जातात, रेषा त्यांना अडकून जागच्या जागी राहाव्यात यासाठी. या क्षेत्रातले अभियंते धातू शुद्ध करण्यापेक्षा त्यात योग्य प्रकारची अव्यवस्था पेरण्यावर मेहनत घेतात.

भारतात या प्रश्नांवर सातत्यानं काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ असलेले आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आलेले दीपक धर यांनी १९७८मध्ये स्वतःला टाळत जाणाऱ्या साखळीचं गणित अशा जाळ्यांवर अचूक सोडवलं, ज्यांची मिती पूर्णांकात बसत नाही. नियमित जाळ्यावर तीन मितींत तो प्रश्न आजही अचूक सुटलेला नाही. २०२२मध्ये त्यांना सांख्यिकीय भौतिकशास्त्रातलं बोल्ट्झमन पदक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेतले सोमेंद्र मोहन भट्टाचार्जी यांनी २०००च्या सुमाराला डीएनएच्या दोन पट्ट्या ओढून उसवण्याचा सिद्धांत मांडला. तिथे अव्यवस्था बाहेर नसते, साखळीतच असते: जी-सी जोडी तीन बंधांनी धरलेली, ए-टी दोन बंधांनी, आणि त्यांचा क्रम गोठलेला. १९९७मध्ये पॅरिसच्या एका गटानं लॅम्डा डीएनए असा उसवला, तेव्हा लागणारं बल जागोजागी कमीजास्त होत गेलं आणि ते चढउतार जी-सींच्या प्रमाणाशी जुळले.

जिवंत पेशी या दोन्ही सोप्या चौकटींत बसत नाही. तिथले अडथळे जेलसारखे गोठलेले नसतात आणि सरासरी घेता येईल इतके चपळही नसतात. डीएनएभोवतीची गर्दी डीएनएच्याच वेगाच्या आसपास हलत असते. २०१०मध्ये स्टॅनफर्डच्या स्टेफनी वेबर, अँड्र्यू स्पाकोविट्झ आणि ज्युली थेरियट यांनी ई. कोलाय जिवाणूच्या गुणसूत्रावर चमकणारे ठिपके बसवून त्यांची हालचाल मोजली. ठिपक्याचं सरासरी वर्ग-विस्थापन काळाच्या सुमारे ०.३९ घातानं वाढत होतं. नुसत्या द्रवातल्या साध्या साखळीसाठी हा घातांक ०.५ येतो, पेशीतला द्रव थोडा लवचीकही धरला तर ०.३९ समजावता येतो. दोन वर्षांनी त्याच गटानं पेशीचा ऊर्जापुरवठा रोखला. घातांक तोच राहिला, पण ठिपक्यांची हालचाल लक्षणीय मंदावली. केवळ तापमान कमीजास्त करून हे समजावता येत नव्हतं. उष्णतेच्या धक्क्यांखेरीज पेशीतली प्रथिन-यंत्रंही साखळीला सतत ढकलत असतात. फ्लोरी, एडवर्ड्स आणि द जेन यांचं वर आलेलं गणित समतोलातल्या साखळीचं होतं. समतोलाबाहेर ढकलल्या जाणाऱ्या साखळीचं, हलत्या अडथळ्यांतलं गणित सध्या तयार होत आहे.